धर्म, तलवार आणि जमीन : साष्टीतून दिसणारा युरोप

इ. स. १५३४ हे साल आधुनिक युरोपच्या इतिहासात फार महत्त्वाचे मानले जाते. त्या साली मार्टिन लूथरने जर्मन भाषेत केलेले संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले. त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरविले आणि पोपची सत्ता झुगारून दिली. त्याच साली पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सहा सोबती ह्यांनी शपथ घेतली. तिच्यातून पुढे १५४० मध्ये जेझुइट संघाला मान्यता मिळाली. धर्मसुधारणा, धर्माला गिळणारी राजसत्ता आणि सुधारणेला रोखण्यासाठी उभी राहिलेली रोमन फळी ह्या तिन्ही गोष्टी अशा एकाच वर्षात दिसतात. पाठ्यपुस्तक येथे थांबते.

परंतु त्याच वर्षी, २३ डिसेंबर १५३४ रोजी, आणखी एक गोष्ट घडली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या दडपणाखाली होता. त्याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो दा कुन्हा ह्याच्याशी तह केला आणि वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि ठाण्याच्या खाडीपर्यंतचा मुलूख म्हणजे ही साष्टी. अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी तिच्यातलीच. येथे नांगर धरणाऱ्याला, जाळे टाकणाऱ्याला, मेलेले जनावर ओढणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. त्याचा राजा बदलला. राजा बदलला म्हणून त्याचा देवही बदलणार होता.

मी मालाडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. माझ्यासमोर बसणारी मुलेमुली मालवणीहून, कुरारहून, अप्पापाड्याहून येतात. त्यांच्यातली बरीचशी माझ्यासारखीच, घरातली पहिली. धर्मसुधारणेचे प्रकरण शिकवीत असता एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, युरोपात लूथर झाला आणि सगळे उलटेपालटे झाले. आमच्याकडे त्याच्या दीडदोनशे वर्षे आधी चोखोबा झाला. मग काहीच का उलटले नाही?”

ह्या प्रश्नाला आपल्याकडे ठरावीक उत्तरे आहेत. कोणी म्हणतात, संतांनी आध्यात्मिक समता दिली, सामाजिक समता दिली नाही. कोणी म्हणतात, युरोपात छापखाना होता, आपल्याकडे नव्हता. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती पुरेशी नाहीत, असे मला वाटते. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला जर्मनीला जावे लागते आणि साष्टीलाही यावे लागते. कारण युरोपचा धर्म आणि युरोपचे युद्ध ह्या दोन्ही गोष्टी साष्टीने अंगावर घेतल्या आहेत. तिसरी गोष्ट, म्हणजे सुधारणा, तेवढी गलबतातून उतरली नाही. ती का उतरली नाही, हाच आपला विषय आहे.

प्रथम जर्मनी. लूथरने १५१७ मध्ये विटेनबर्ग येथे आपले पंचाण्णव सिद्धान्त मांडले. पापमुक्तीची पत्रे विकून पैसा गोळा करणाऱ्या पुरोहितशाहीवर त्याने हल्ला चढविला आणि पुढे सांगितले की, प्रत्येक श्रद्धावान माणूस हाच पुरोहित आहे. देव आणि माणूस ह्यांच्यामध्ये दलाल नको. हा विचार खेड्यापाड्यांत पोचला तेव्हा शेतकऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. देवापुढे सगळे सारखे, तर जमीनदारापुढे आम्ही दास कसे? १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन येथे त्यांनी बारा मागण्यांचा जाहीरनामा काढला. आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडू. ख्रिस्ताने सर्वांना मुक्त केले आहे, म्हणून भूदासपण रद्द करा. जंगलातले लाकूड, नदीतले मासे, गावाची सामाईक कुरणे आम्हाला परत द्या. वेठ वाढवू नका. मित्रहो, ह्या मागण्या वाचताना आपण आपल्याच गावकुसाबाहेरचे एखादे निवेदन वाचीत आहोत असे वाटते.

लूथरने काय केले? प्रारंभी त्याने दोन्ही बाजूंना समजावण्याचा आव आणला आणि मग, शेतकरी मागे हटत नाहीत असे पाहून, त्यांना ठेचून काढावे असे त्याने राजेरजवाड्यांना लिहून कळविले. त्या वर्षभरात मारल्या गेलेल्या शेतकऱ्यांची संख्या एक लाखापर्यंत असावी असा अंदाज केला जातो. शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला धर्मोपदेशक थॉमस म्युंझर ह्याचा मे १५२५ मध्ये शिरच्छेद झाला. लूथर मात्र जगला आणि त्याची सुधारणाही जगली. ती का जगली, हे नीट पाहिले पाहिजे. जर्मन राजांना पोपच्या जोखडातून सुटायचे होते आणि चर्चच्या मालमत्तेवर त्यांचा डोळा होता. इंग्लंडात हेन्रीने १५३६ ते १५४० ह्या काळात मठ बरखास्त केले. त्यांच्या जमिनी राजाकडे गेल्या आणि तेथून विकत वा बक्षीस म्हणून सरदारांच्या व सधन जमीनदारांच्या हाती गेल्या. ज्यांच्या हाती ती जमीन आली त्यांना जुना धर्म परत येणे परवडणारे नव्हते. सुधारणेला असे भक्कम रखवालदार मिळाले.

सुधारणा विचाराने सुरू होते हे खरे. परंतु ती टिकते तेव्हा जमिनीवर पाय रोवून टिकते, आणि जमीन कोणाच्या हाती गेली ह्यावरून ती सुधारणा कोणाची हे ठरते. युरोपातली पहिली सुधारणा राजांची आणि मध्यमवर्गाची ठरली. मेमिंगेनच्या शेतकऱ्यांची ठरली नाही.

१५५५ मध्ये आउग्सबुर्ग येथे जर्मनीत जो तह झाला, त्याने ह्या व्यवहारावर शिक्का मारला. ज्याचे राज्य त्याचा धर्म, हे त्या तहाचे सार. राजा लूथरपंथी असेल तर रयत लूथरपंथी, राजा कॅथलिक असेल तर रयत कॅथलिक. न पटणाऱ्याने घरदार विकून दुसऱ्या राज्यात चालते व्हावे. ह्या तत्त्वानेही शांतता आली नाही. १६१८ ते १६४८ ह्या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीच्या काही प्रदेशांतली निम्म्याहून अधिक वस्ती तलवार, दुष्काळ आणि रोगराई ह्यांनी नाहीशी झाली. वेस्टफालियाचा तह झाला तो लोक दमले, तिजोऱ्या रिकाम्या झाल्या म्हणून. सहिष्णुता ही युरोपला उपदेशातून मिळाली नाही. प्रेते मोजून झाल्यावर मिळाली.

आता साष्टीकडे यावे. ‘ज्याचे राज्य त्याचा धर्म’ हे तत्त्व आउग्सबुर्गच्या कागदावर उतरण्यापूर्वीच येथे अमलात येऊ लागले होते. फ्रान्सिस्कन साधू अंतोनियो दो पोर्तो ह्याने वसई-साष्टीत धर्मप्रसाराला आरंभ केला. बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे शैव लेणे चर्च झाले. त्याच्या माथ्यावर मठ आणि मुलांसाठी विद्यालय उभे राहिले. त्याचे भग्नावशेष आजही तेथे उभे आहेत. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतही त्याने प्रार्थनास्थळ केले. मालाडच्या पश्चिमेस एरंगळच्या किनाऱ्यावर संत बोनाव्हेंचरचे चर्च उभे राहिले ते ह्याच काळातले. तेथे आजही जानेवारीत जत्रा भरते आणि तिला सर्व धर्मांचे लोक जातात.

कान्हेरीचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो. ह्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत कल्याण, सोपारे, चेऊल येथील व्यापारी, सोनार, भिक्षुणी ह्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. एकेकाळी ह्या डोंगराला माणसे राजाच्या हुकमाने आली नव्हती, स्वतःच्या कमाईतून दान घेऊन आली होती. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अभिमान आणि चिकित्सा ह्यांची फारकत आपण करू नये. ह्याच लेखांत मंगळठाण, म्हणजे आजचे मागाठाणे, येथील शेत दान दिल्याचीही नोंद आहे. शेत देणाऱ्याचे नाव दगडावर आहे. शेत कसणाऱ्याचे नाव नाही. हा प्रश्न आपण चर्चला विचारतो, देवळाला विचारतो, तसा विहारालाही विचारला पाहिजे. ज्या धर्माने प्रश्न विचारायला शिकविले त्याला प्रश्नाचे भय नसावे.

पोर्तुगीज काळात जमिनीचे काय झाले? साष्टीतली गावे पोर्तुगीज सरदारांना हलक्या खंडावर, बहुधा तीन पिढ्यांच्या मुदतीने, वाटून देण्यात आली. काही उत्पन्ने मठांकडे आणि धर्मसंघांकडे गेली. वांद्र्यात जेझुइटांनी बस्तान बसविले. इंग्लंडात जे चालले होते त्याच्या नेमके उलटे येथे घडले. तेथे धर्मसंघांची जमीन सुटत होती, येथे धर्मसंघांच्या हाती जमीन जमत होती. कसणारा कुणबी तोच, मासे मारणारा कोळी तोच, ताडी काढणारा भंडारी तोच. त्यांच्यातले अनेक ख्रिस्ती झाले. काहींनी मनापासून दीक्षा घेतली असेल, काहींनी भयाने, काहींनी सवलतीच्या आशेने. चारशे वर्षांनंतर त्यांच्या मनात शिरून निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु जात गेली नाही, एवढे निश्चित. वसई-साष्टीतल्या ख्रिस्ती समाजात कोळी, भंडारी, वाडवळ, कुपारी अशी जुनी कुळे टिकली आणि रोटी नाही तरी बेटीव्यवहार दीर्घकाळ आपापल्या गोटातच राहिला.

ही केवळ स्थानिक ढिलाई नव्हती. दक्षिणेत मदुरेला रॉबर्ट दे नोबिली हा जेझुइट ब्राह्मणी वेषात राहून उच्चवर्णीयांना ख्रिस्ती करीत होता. त्याच्या पद्धतीवर वाद झाला तेव्हा १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी ह्याने धर्मांतरित ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची सशर्त मुभा दिली. ही चिन्हे धार्मिक नसून सामाजिक आहेत, असा आधार घेण्यात आला. जातीला ‘सामाजिक बाब’ म्हणून धर्माच्या दाराबाहेर ठेवले की ती मागच्या दाराने आत येते. हा अनुभव केवळ हिंदू धर्माचा नाही.

आणि भाषा? लूथरच्या सुधारणेचा प्राण लोकभाषेत होता. ह्या बाबतीत एक विलक्षण माणूस आपल्याकडे येऊन गेला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडात कॅथलिकांना जगणे कठीण झाले, तो जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यास आला. गोव्यातही एक साष्टी आहे. तेथे राहून त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. युरोपच्या धर्मकलहाने देशाबाहेर ढकललेला एक माणूस मराठीचा कवी झाला, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. म्हणजे यंत्र होते, भाषेवर प्रेम करणारा लेखक होता. तरीही १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि आपली बोली सोडावी. विटेनबर्गमध्ये छापखान्याने लोकांची भाषा उचलून धरली; गोव्यात छापखाना असूनही लोकांची भाषा दडपली गेली. छापखाना नव्हता म्हणून आपल्याकडे सुधारणा झाली नाही, ह्या उत्तराचा अपुरेपणा येथे कळतो. यंत्र कोणाच्या मालकीचे हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा आहे.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टी घेतली. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पाच्या फौजांपुढे वसईचा किल्ला शरण आला. मालाडच्या मढ टोकावरचा वेसाव्याचा किल्लाही त्याच साली पडला. आपल्या शालेय पुस्तकांत हा पराक्रमाचा धडा आहे आणि तटाखाली सुरुंग लावून मेलेल्या मावळ्यांचा पराक्रम नाकारण्याचे कारण नाही. मंडपेश्वर पुन्हा देऊळ झाले. वसईच्या चर्चमधल्या घंटा सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला अशी एक घंटा आहे. नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारोशंकराच्या देवळावर दुसरी आहे; तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे.

ह्या नाशिकच्या घंटेचा विचार करावा असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. ती ओतली गेली ख्रिस्ताच्या नावाने, आणि वाजू लागली शिवाच्या नावाने. घंटेचा धर्म बदलला. त्याच पंचवटीत, तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य त्या मंदिराच्या दाराशी आले. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षे लढविला. दार उघडले नाही. परधर्माच्या घंटेला पंचवटीत जागा मिळाली होती, स्वधर्मीय म्हणविल्या जाणाऱ्या माणसाला उंबरठा ओलांडता येत नव्हता. धर्मयुद्धे देवांची अदलाबदल करतात, घंटांची करतात, राजांची करतात. उंबरठ्याला ती हात लावीत नाहीत. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यांवर अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागत असे, ह्याची आठवण बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त दिली आहे. साष्टी पोर्तुगीजांकडून ‘सोडविणारी’ सत्ता ती हीच.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले; १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने ह्याच वसईत तैनाती फौजेच्या तहावर सही केली. इंग्रज हा प्रॉटेस्टंट, लूथरच्या वारशातला. मग आता तरी सुधारणा आली असेल? कंपनी व्यापारी होती. रयतेच्या धर्मात हात घालून व्यापार बिघडविण्याची तिची इच्छा नव्हती. मुंबई तिला १६६८ मध्ये राजाकडून वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली होती. तेव्हापासून धर्मात ढवळाढवळ न करणे हे तिचे धोरण होते. तीस वर्षांच्या युद्धाचा धडा तिने हिशेबाच्या वहीत उतरवून घेतला होता. जातीच्या बाबतीत ह्या तटस्थतेचा अर्थ एवढाच झाला की, जे वर होते ते वर राहिले.

जमिनीच्या बाबतीत मात्र इंग्रज तटस्थ नव्हते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी साष्टीतली गावेच्या गावे मुंबईच्या धनिकांना दिली. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजींना मिळाली, हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. पोर्तुगीज सरदार गेला, पेशव्याचा कमाविसदार गेला, आता खोत आला. ह्या इस्टेटींच्या महसुली सवलती रद्द करणारा साष्टी इस्टेट्सचा कायदा १९५१ मध्ये झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी. तीन साम्राज्ये आली आणि गेली. त्यांचे धर्म तीन होते, जमीन देण्याची रीत एक होती.

येथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन, हे त्यांना दाखवायचे होते. ओर्लेम, खारोडी, मार्वे, मनोरीच्या गावठाणांत हा समाज आजही आहे. त्याच्या बोलीत जुनी मराठी आहे. आपल्याच भूमीत राहून, नोकरीच्या रांगेत उभे राहण्यासाठी, परक्या कंपनीचे नाव घ्यावे लागले ह्यात हसण्यासारखे काही नाही. सत्तेने दिलेली नावे वागविण्याचा अनुभव आपल्याला त्यांच्याहून अधिक आहे.

मग सुधारणा आली कोठून? ती आली एका पुस्तकातून, आणि ते पुस्तक लिहिणारा राजा नव्हता, पाद्रीही नव्हता. टॉमस पेन हा इंग्लंडातल्या स्त्रियांच्या कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा; स्वतःही त्याने तेच काम केले होते. त्याचा बाप क्वेकर, म्हणजे पुरोहित न मानणाऱ्या पंथाचा. पेनचा जन्म १७३७ चा. ज्या वर्षी मराठ्यांच्या फौजा साष्टीत उतरल्या ते हेच वर्ष. त्या फौजांनी साष्टीत जे बदलले नाही, ते बदलण्याची भाषा ह्या कारागिराच्या पुस्तकाने एका फुलमाळ्याच्या मुलाला दिली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास पेनचे ‘मानवी हक्क’ वाचले. १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली, १८५२ मध्ये अस्पृश्यांच्या मुलांची. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. लग्न लावायला भट नको, हे सत्यशोधकांनी सांगितले आणि करून दाखविले. प्रत्येक माणूस हाच आपला पुरोहित, हा लूथरचा विचार महाराष्ट्रात असा आला. मिशनऱ्यांनी दिला तसा नव्हे, एका शूद्राने पारखून घेतला तसा. आणि जोतीराव लूथरपाशी थांबले नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ उगारून ते मेमिंगेनच्या शेतकऱ्यांपर्यंत गेले.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त युरोपच्या ह्या इतिहासाचा आधार घेतला आहे. राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक व धार्मिक क्रांती झालेली असते, असे सांगताना त्यांनी लूथरची धर्मसुधारणा, इंग्लंडातले प्युरिटन, भारतातला बुद्ध, महाराष्ट्रातले संत आणि पंजाबचे नानक ह्यांचे दाखले दिले. मन मोकळे झाल्यावाचून राज्य मोकळे होत नाही, हा त्यांचा मुद्दा. परंतु बाबासाहेबांनी लूथरची नक्कल केली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. लूथरने राजांचा आश्रय घेतला. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि मे १९३६ मध्ये मुंबईत नायगावला आपल्याच लोकांची परिषद भरवून त्यांच्यापुढे साधकबाधक विचार ठेवला. त्यानंतर वीस वर्षे वाट पाहिली, वाचन केले, चिकित्सा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बुद्धाला सरण जाऊन बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हा तेथे कोणत्याही राजाचा हुकूम नव्हता, सवलतीचे आमिष नव्हते. उलट, हातच्या सवलती जाण्याचा धोका होता. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशातली बौद्धांना बाहेर ठेवणारी अट दूर व्हायला १९९० साल उजाडावे लागले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तर त्या दुरुस्तीनेही आत घेतले नाही. ‘ज्याचे राज्य त्याचा धर्म’ हे तत्त्व चारशे वर्षांनी नागपूरच्या मैदानावर उलटे झाले. ज्याचे मन त्याचा धर्म, असे तेथे लोकांनी ठरविले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. चोखोबाने काहीच का उलटले नाही? चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असता भिंत कोसळून गाडला गेला. त्याची समाधी पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाबाहेर, पायरीशी आहे. त्या पायरीपलीकडे त्याच्या लोकांना जायला १९४७ साल लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबाचा विद्रोह लूथरहून लहान नव्हता. परंतु त्याच्या विद्रोहाने कोणा सरदाराला जमीन मिळणार नव्हती, म्हणून कोणी सरदार त्याचा रखवालदार झाला नाही. ज्यांना काही मिळणार होते त्यांच्या हाती तलवार नव्हती, अक्षर नव्हते आणि पायाखाली स्वतःची जमीन नव्हती. त्यांचे अभंग प्रस्थापितांनी गोड मानून गाइले आणि वेठ चालूच ठेवली. म्युंझर हरला तो तलवारीने. चोखोबाला आरतीने हरविले.

हे उत्तर इतिहासाचे झाले. ते पुरेसे नाही, कारण भिंत अजून पडते आहे. २ जुलै २०१९ च्या पहाटेपूर्वी मालाडच्या पूर्वेस, कुरारजवळ पिंपरीपाडा-आंबेडकर नगरात, मुसळधार पावसात जलाशयाची संरक्षक भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली. सुमारे तीस माणसे मेली. कान्हेरी ज्या डोंगररांगेत आहे तिच्याच पायथ्याची ही वस्ती. डोंगराला लागून माणसे हौसेने राहत नाहीत. सपाटीवरची जमीन आधीच कोणाची तरी झालेली असते. १५३४ पासून साष्टीत जमीन कोणाकोणाची होत गेली ह्याचा जो हिशेब वर मांडला, त्याची शेवटची ओळ ह्या भिंतीखाली आहे.

दादासाहेब गायकवाडांनी हे ओळखले होते. काळारामाच्या दाराशी उभा राहिलेला हा माणूस धर्मांतरानंतर स्वस्थ बसला नाही. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मन मोकळे झाले आहे, आता पायाखालची जमीन मागू, असा तो सरळ क्रम होता. ह्या सत्याग्रहांना आपल्या स्मरणात दीक्षाभूमीच्या शेजारची जागा असायला हवी होती. आपण ती दिली नाही. आपण जयंत्या केल्या, पुतळे केले, वंदना पाठ केल्या. ह्या गोष्टी करू नयेत असे मी म्हणत नाही. ज्याला शतकानुशतके देऊळ नाकारले त्याला विहार हवा असतो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. परंतु धर्म मिळाला म्हणजे सुधारणा पुरी झाली असे समजणारे लोक जर्मनीतही होते. त्यांची सुधारणा पाहता पाहता राजवाड्याची झाली.

म्हणून कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. युरोपचा इतिहास परीक्षेपुरता वाचू नका आणि परक्यांचा म्हणूनही वाचू नका. आपल्या वस्तीचा सात-बारा शोधा. आपली वस्ती ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी कोणाच्या नावे होती, तिच्यावर कोण राबत होते, कोणाला कोणत्या कागदाने हुसकावले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. ओर्लेमच्या गावठाणातल्या आजीला विचारा, मढच्या कोळ्याला विचारा, आरेच्या पाड्यावरच्या वारल्याला विचारा. त्यांचे देव वेगळे आहेत, त्यांची तक्रार तीच निघेल. आणि जो कोणी धर्माचे नाव घेऊन तलवार उचलायला सांगेल, त्याला साष्टीच्या माणसाने एकच प्रश्न विचारावा : जिंकल्यानंतर जमीन कोणाच्या नावावर चढणार?